ऐनाच्या गाठी

जव्हार,
७ डिसेंबर २०२५

प्रिय हर्षदा,

नाशिकच्या टपाल कार्यालयात रोज हजारो पाकिटे तुझ्या हाताखालून जातात. त्यांतले एखादे तुझ्याच नावाचे निघावे, म्हणून फोन न करता लिहितो आहे. शिवाय फोनवर तू सगळे शांतपणे ऐकून घेतेस, "हो सर" म्हणतेस, आणि मी मुद्द्यावर येण्याआधी माझ्या पथ्याची चौकशी करून फोन ठेवतेस. कागदाला असे वाटेला लावता येत नाही.

आरंभी एक कोडे घालतो. जुनी खोड आहे, सांभाळून घे. जव्हारहून मोखाड्याला जाताना एसटीच्या खिडकीतून तू ऐनाची झाडे असंख्य वेळा पाहिली आहेस. आत रानात, जिथे कोयता पोहोचत नाही, तिथला ऐन सरळसोट वर गेलेला असतो. शेताच्या बांधावरचा ऐन मात्र वेगळा दिसतो. राबासाठी दरवर्षी त्याच्या फांद्या छाटतात, त्या वाळवून भाताचे रोप करायच्या जागेवर जाळतात, आणि जिथे जिथे कोयता बसतो तिथे तिथे खोडावर गुडघ्याएवढ्या गाठी उभ्या राहतात. ज्या झाडाला आपण वाढूच देत नाही, नेमकी त्याच्याच अंगावर ही नको ती वाढ का? आणि कोड्याचा दुसरा भाग असा, की त्या गाठाळ झाडाचे बी वाऱ्याने उडून कुठे रुजले, तर ते रोप कसे निघते? उत्तर लगेच देत नाही. तू साखरशेतची आहेस. कदाचित माझ्याआधीच तुला ते ठाऊक असेल.

आता बातमी. दिवाळीनंतरच्या सोमवारी बाजारासाठी आलेली तुझी आई, रामीबाई, नाचणीचे पीठ घेऊन माझ्याकडे आली होती. पोटॅशियम आणि फॉस्फरसच्या धाकाने मला ते फार खाता येत नाही, हे सांगण्याचा धीर मला झाला नाही. ती उंबऱ्याशीच बसली आणि म्हणाली, की तू दिपेशला नाही म्हटलेस. त्याचा स्वभाव, नोकरी, घर यांतले काहीच तुला नापसंत नाही. "आमच्या घरात हा गुर्द्याचा कॅन्सर उतरत येतो, तो माझ्यापाशी थांबू दे, मला लग्न नको आणि मूलही नको," असे तू तिला सांगितलेस, आणि गेल्या आठ वर्षांत आलेल्या प्रत्येक स्थळाला नाही म्हणण्यामागेही हेच होते. हर्षदा, लग्न करावे की न करावे हा निर्णय सर्वस्वी तुझा. पण त्याचे जे कारण तू दिलेस ते विज्ञानाचे आहे, आणि विज्ञानाच्या कारणांची तपासणी करण्याचा हक्क मी निवृत्तीनंतरही सोडलेला नाही.

तपासणी आपल्या प्रयोगशाळेपासूनच सुरू करू. ती खोली तुला आठवत असेल. उत्तरेकडच्या दोन खिडक्या, राखेने घासून चकचकीत केलेल्या परीक्षानळ्या, आणि फॉर्मलिनच्या वासावर मात करणारा तुझ्या वडिलांच्या खिशातल्या तंबाखूचा वास. हजेरीपटावर त्यांचे पद प्रयोगशाळा परिचर असे होते. पण सारी शाळा त्यांना रघ्याच म्हणे, आणि मीही. दरवर्षी उत्सर्जन संस्थेचा धडा आला, की बाजाराच्या दिवशी रघ्या पहाटेच खाटकाकडे जाऊन बोकडाचा ताजा गुर्दा पळसाच्या पानात बांधून आणी. पुस्तकातल्या आकृतीवर त्याचा विश्वास नव्हता. तो पाते असे हलके फिरवी, की गुर्दा घेवड्याच्या दाण्यासारखा दोन सारख्या फाकांत उघडे, आणि कडेचा गडद भाग, आतले फिकट त्रिकोण, मधली पोकळी, सगळे चित्रापेक्षा स्वच्छ दिसे. एकदा त्याने मला विचारले, "सर, माणसाचा पन असाच?" मी म्हटले, असाच, थोडा मोठा. दोन्ही फाका पुन्हा जुळवून पाहत तो म्हणाला, "मंग बोकडाला आपन उगाच हसतो." त्या दिवशी भिंग धरायला तू पुढे आली होतीस. सातवीत होतीस. आपल्या बापाचे हात इतके कौशल्याचे आहेत हे तुला प्रथमच दिसले असावे, कारण गुर्दा सोडून तू त्या हातांकडेच पाहत होतीस.

तोवर त्या हातांना सूज येऊ लागलेली होती, आणि ती कुणीच पाहिली नाही, मीसुद्धा. तुझा जन्म १९९४चा. रघ्याची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान २००६ साली झाले. वर्षानुवर्षे चढलेला रक्तदाब आणि अंगदुखीसाठी मूठभर घेतलेल्या गोळ्या, असे कारण डॉक्टरांनी सांगितले. मग आठवड्यातून दोनदा मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबक करत नाशिकला डायलिसिस, आणि मधल्या दिवशी शाळेत हजर. रजा मागायला तो लाजे. त्याचा विनोद मात्र शाबूत होता. "सर, माझ्या गुर्द्यांना पेन्शन लागली," तो म्हणे, "काम सोडलं, पन घर सोडत नाहीत." पाच वर्षांनी, तू बारावीत असताना, त्या पेन्शनीत निघालेल्या गुर्द्यांपैकी एकावर गाठ निघाली. ती मूत्रपिंडासकट काढली, पण उशीर झाला होता. पुढच्या वैशाखात रघ्या गेला. त्याच्या जागी आलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात परीक्षानळ्या साबणाने धुतल्या; तास संपल्यावर मी त्या पुन्हा राखेने घासून ठेवल्या. असे मी बरेच दिवस केले.

मग २०१६ साली मधुमेहाने माझीही मूत्रपिंडे बंद पाडली. आता जव्हारातच सोय झाली आहे, आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. सुई टोचणारा तंत्रज्ञ म्हणजे तुमच्याच तुकडीतला दिपेश. "सर, हलू नका," तो म्हणतो, "वर्गात आमाला असंच दटवायचात, आता आमची पाळी." त्याने तुझे नाव माझ्यापुढे एकदाही काढलेले नाही, यावरून मला जे समजायचे ते समजले. गेल्या फेब्रुवारीत नेहमीच्या सोनोग्राफीत माझ्या डाव्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ दिसली. ती वेळेवर सापडली. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, आणि मी हे पत्र लिहिण्याइतका ठणठणीत आहे. पण त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. रघ्या आणि मी रक्ताचे कुणी नव्हे. त्याचे कूळ साखरशेतचे, माझे पेणचे. मग त्याच आजाराने दोघांचे दार कसे ओळखले?

हे कोडे मी तिथल्या डॉक्टर शलाका यांना घातले. त्या गाठींमधल्या जनुकांचा अभ्यास करतात. वयाने तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, आणि मला विद्यार्थी मिळाल्याचा आनंद व्हायचा तसा आनंद त्यांना माझ्या प्रश्नाने झाला. त्यांनी सांगितले ते मी माझ्या पद्धतीने मांडतो. डायलिसिसचे यंत्र रक्त शुद्ध करते, म्हणून निकामी मूत्रपिंड विश्रांती घेत असेल असे आपल्याला वाटते. तसे नसते. त्यातल्या लाखो बारीक नळ्यांपैकी बहुतेक मरून जातात, आणि ज्या थोड्या उरतात त्यांच्यावर सतत वाढा, भरून काढा, दुरुस्त करा असा रासायनिक तगादा सुरू राहतो. त्या नळ्यांच्या अस्तरातील पेशी पुन्हा पुन्हा विभागत राहतात. नळ्या फुगतात, त्यांच्या पाण्याने भरलेल्या पिशव्या होतात. जितकी वर्षे डायलिसिस, तितक्या पिशव्या अधिक. आता तू हे जाणतेस, की पेशी दुभंगताना तिला आपली सारी जनुके नव्याने उतरवून काढावी लागतात, आणि दूषित, सुजलेल्या जागी, घाईघाईने, हजारो वेळा हे करताना चुका होतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात किंवा ती पेशी मरून जाते. क्वचित एखादी चूक नेमकी वाढीच्या लगामावर पडते, आणि मग त्या एका पेशीची गाठ होते. सगळ्यांनाच होत नाही, हे लक्षात ठेव. डायलिसिसवरच्या थोड्याच जणांना होते. पण निरोगी मूत्रपिंडांच्या मानाने हे प्रमाण पुष्कळ जास्त आहे.

छाटलेल्या ऐनाचे तेच आहे. कोयत्याची जखम भरण्यासाठी तिथली साल दरवर्षी पेशी वाढवते, आणि गाठ त्या वाढीतून येते. कोड्याचा दुसरा भाग मात्र तुझ्या आईने सोडवला. मी विचारताच ती म्हणाली, "बी सरळच उगवतां, मास्तर. कोयता काय बियात ऱ्हातो?" मी चाळीस वर्षे आनुवंशिकता शिकवली आणि हे इतक्या थोड्या शब्दांत मला कधी सांगता आले नाही.

तरीही उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, आणि तुला मी पुराव्याशिवाय काही मान्य करायला शिकवलेले नाही. आनुवंशिक मूत्रपिंड-कर्करोग खरोखरच असतात, हे आधी कबूल करतो. उदाहरणार्थ, तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर वाढीला लगाम घालणारे एक जनुक आहे. त्याच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईची, एक बापाची. काही थोड्या घराण्यांत मूल एक प्रत बिघडलेलीच घेऊन जन्मते. तो बिघाड त्याच्या रक्तात, कातडीत, प्रत्येक पेशीत असतो. अशा माणसाला गाठी तरुण वयात येतात, बहुधा दोन्ही बाजूंना आणि एकाहून अधिक, आणि त्या यायला मूत्रपिंड आधी निकामी व्हावे लागत नाही. इतर बहुतेकांत, अगदी तेच जनुक बिघडले तरी, तो बिघाड जन्मानंतर, एका पेशीत, त्या मूत्रपिंडातच घडलेला असतो. निकामी मूत्रपिंडात तर एक अशी गाठ येते जी अन्यत्र जवळपास दिसतच नाही. तिच्या पेशींत तिसऱ्या आणि सोळाव्या गुणसूत्रांच्या जादा प्रती सापडतात. म्हणजे गाठीतल्या पेशी आणि त्याच माणसाच्या निरोगी पेशी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, की बिघाड वारशाने आला की वाटेत घडला हे बरेचसे कळते.

माझ्या बाबतीत तो वाटेत घडला होता. मी डॉक्टर शलाकांना रघ्याबद्दल सांगितले. त्यांनी विचारले, त्याची गाठ जिथे काढली तिथे तिचा मेणात बसवलेला तुकडा ठेवलेला असेल का? मला त्याची आशा नव्हती. पण नाशिकच्या त्या रुग्णालयात एक वयस्कर बाई आहेत, त्यांनी कपाटे शोधून तो काढला. करंगळीच्या नखाएवढ्या मेणाच्या वडीत चौदा वर्षांपूर्वीचा रघ्या होता. रामीबाईने संमतीच्या कागदावर सही केली. अंगठा नव्हे, सही, तू शिकवलेली. तुला कळवू नये असे तिनेच सांगितले. उत्तर वाईट आले असते, तर ते आपल्यापाशीच ठेवायचे असे तिने ठरवले होते. मी तिला म्हटले, की तसे करणे मला जमले नसते. ती म्हणाली, "तुमचां तुमी बघा, मी तिची आई हाय."

अहवाल सोबत जोडला आहे. दुसऱ्या पानावरचा तक्ता पाहा. रघ्याच्या गाठीत जादा गुणसूत्रे आहेत, तिसरे आणि सोळावे. गाठीशेजारच्या निरोगी भागात ती नाहीत, आणि आनुवंशिक कर्करोगाची जी जनुके आज माहीत आहेत त्यांतले एकही तिथे बिघडलेले आढळले नाही. अपत्य जन्माला येते ते मूत्रपिंडाच्या पेशींतून येत नाही. आणि साल पाहा, हर्षदा: तू जन्मलीस तेव्हा रघ्याचे मूत्रपिंड धडधाकट होते. तुझ्या जन्माच्या वेळी ती चूक अजून जन्मलीही नव्हती.

तू म्हणशील, मग आजोबा? कान्हा आजोबा लघवीतून रक्त जाऊन गेले, हे आपल्याला ठाऊक होते. त्यावरूनच तर सगळी मांडणी झाली. याही बाबतीत मी तुझ्या आईला आज विचारले ते तेव्हा विचारायला हवे होते. कान्हा माडीच्या झाडावरून पाठीवर पडला होता. रक्त त्या दिवसापासून सुरू झाले, आणि सातव्या दिवशी तो गेला. त्याआधी त्याला कधी दुखणे नव्हते. साखरशेतात हे सगळ्यांना माहीत आहे. शाळेत मात्र कुणी ते विचारले नाही, म्हणून कुणी सांगितलेही नाही.

अहवाल म्हणजे आयुष्यभराची हमी नव्हे, हेही लिहिणे माझे काम आहे. कर्करोग उतरत नाही, तरी रक्तदाबाची प्रवृत्ती घराण्यात असू शकते. म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घे, आणि अंगदुखीच्या गोळ्या सवयीने घेऊ नकोस. शंका असेल तर डॉक्टर शलाका तुझे स्वतःचे रक्त तपासायला तयार आहेत. त्यांचा क्रमांक अहवालाच्या पाठीमागे लिहिला आहे. आणि दिपेशला हो म्हण, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याला नाही म्हणायचे असेल तर तो चहात चार चमचे साखर घालतो म्हणून म्हण, सुया टोचताना जुनी गाणी बेसूर गुणगुणतो म्हणून म्हण. फक्त या कारणाने म्हणू नकोस, कारण हे कारण तुझे नाही. ते माझे आहे, आणि हे पत्र ते परत घेण्यासाठी लिहिले आहे. डिसेंबर २०११, बारावीचा वर्ग, आनुवंशिकतेचा धडा. रघ्याच्या गाठीची बातमी त्याच आठवड्यात शाळेत पसरली होती, आणि तू आलेली नाहीस असे समजून सुशीलने विचारले, की सर, हे असले आजार घराण्यात चालतात का. चांगले उदाहरण सापडले, की माझे भान सुटते. मी म्हटले, बोहाड्यात, गावाच्या मुखवट्यांच्या नाचात, नरसिंहाच्या सोंगाचा मान जसा कान्हाकडून रघ्याकडे आला, तसाच हाही आला. आता पुढचा मान कुणाचा, ते घराण्याने पाहावे. वर्ग हसला. मी फळ्याकडून वळलो तेव्हा तू शेवटच्या बाकावर होतीस आणि वहीत ते वाक्य उतरवून घेत होतीस, जसे माझे प्रत्येक वाक्य घ्यायचीस. सोंगाचा मान घराण्यात उतरतो हे खरे. पण नाचताना कान्हाचा जो गुडघा फुटला तो रघ्याच्या पायावर कधी उतरला नाही, एवढेही मला तेव्हा सुचले नाही. मी तुला थांबवले नाही, दुसऱ्या दिवशीही विषय काढला नाही, आणि तू जव्हार सोडून गेलीस तेव्हा नोकरीसाठी गेलीस असे स्वतःला सांगत राहिलो. तेरा-चौदा वर्षे तू एका मास्तराच्या चुकीच्या वाक्याप्रमाणे वागलीस, ही तुझी चूक नाही; मला क्षमा करता आली तर कर, नाही आली तरी आता सांगतो तेवढे एकदा करून पाहा. हातातली एक बांगडी काढ; ती बापाकडून तुला आलेली मूळ प्रत समज. ती कोऱ्या कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरव आणि बांगडी बाजूला ठेव. आता त्या वर्तुळाकडे पाहून, पेशी जनुके उतरवते तसे, नुसत्या हाताने, शेजारी दुसरे काढ. पहिले झाकून दुसऱ्यावरून तिसरे काढ, तिसऱ्यावरून चौथे, आणि असे विसापर्यंत जा. घाई कर, हात दुखला तरी थांबू नकोस. विसावे कसे झाले आहे ते नीट पाहा. मग बांगडी उचल आणि तिच्यात काही फरक पडला आहे का, ते बघ.

चुकलेला, आणि तरीही तुझाच,
भास्कर सर